पेन ड्राइव्हवर ९.४ जीबी भरलेलं दिसतं, पण लॅपटॉपवर कॉपी केल्यावर फक्त बाणाच्या खुणेच्या फाइल्स

अंत्रुजकर

नमस्कार मंडळी. आमच्या कला मंडळाचं नाटक स्पर्धेला आहे. पार्श्वसंगीत, संहिता, तालमींचे फोटो सगळं ३२ जीबीच्या एकाच पेन ड्राइव्हवर आहे. संहितेच्या प्रती काढण्यासाठी तो एका झेरॉक्सच्या दुकानात लावला होता. त्यानंतर घरच्या लॅपटॉपवर (विंडोज १०) सगळं उतरवून घ्यायला गेलो तर हे दिसतंय:

पेन ड्राइव्ह उघडला की ‘अंक १’, ‘अंक २’, ‘अंक ३’, ‘तालीम फोटो’ आणि ‘संहिता’ असे पाचही फोल्डर दिसतात, पण प्रत्येकाच्या चित्राच्या कोपऱ्यात छोटा बाण आहे. कंट्रोल ए, कंट्रोल सी करून डेस्कटॉपवरच्या ‘नाटक’ फोल्डरमध्ये पेस्ट केलं. कॉपी क्षणात झाली. तिथे पाच फाइल्स आल्या, प्रत्येकी १ ते २ केबीच्या. त्यातली एकही लॅपटॉपवर धड उघडत नाही. पेन ड्राइव्हवर मात्र डबल क्लिक केलं की फोल्डर उघडतो आणि आतलं सगळं दिसतं.

पेन ड्राइव्हच्या प्रॉपर्टीजमध्ये वापरलेली जागा ९.४ जीबी, फाइल सिस्टिम फॅट३२. ड्राइव्ह लावला की विंडोज ‘स्कॅन अँड फिक्स’ करू का असं विचारतं. करू का? की फॉरमॅट करून ध्वनी सांभाळणाऱ्याकडून पुन्हा सगळं मागवू? तालमींचे फोटो दुसरीकडे कुठेच नाहीत.

बार्देस_संगणक

अंत्रुजकर बाब, फॉरमॅट मुळीच करू नका, आणि स्कॅन अँड फिक्सलाही तूर्त हात लावू नका. वापरलेली जागा ९.४ जीबी आहे, आणि डबल क्लिक केल्यावर आतलं दिसतंय. म्हणजे फाइल्स जागेवर आहेत, फक्त लपवलेल्या आहेत. पुसल्या गेल्या असत्या तर तो आकडा खाली आला असता.

हा शॉर्टकट व्हायरस. खऱ्या फोल्डरांना हिडन आणि सिस्टिम असे दोन्ही गुणधर्म लावून तो त्यांना नजरेआड करतो आणि त्यांच्याच नावांचे शॉर्टकट समोर मांडतो. शॉर्टकटवर डबल क्लिक केलं की आधी ड्राइव्हवर दडलेली स्क्रिप्ट (आज्ञांची छोटी फाइल) चालते, मग खरा फोल्डर उघडतो. सगळं नेहमीसारखं उघडलं म्हणून कुणाला संशय येत नाही. पेन ड्राइव्ह लावल्या लावल्या आपोआप प्रोग्राम सुरू होणं विंडोज ७ पासून बंद झालं आहे, म्हणून या व्हायरसला तुमचा क्लिक लागतो. तुम्ही ड्राइव्हवरून डबल क्लिक केलेलं आहे, तेव्हा लॅपटॉपलाही लागण झाली आहे असंच धरून चाला.

कॉपी क्षणात का झाली? कंट्रोल ए फक्त दिसणाऱ्या वस्तू निवडतो. खरे फोल्डर दिसतच नव्हते, म्हणून निवडले गेले नाहीत आणि फक्त पाच शॉर्टकट गेले. याची उलट बाजूही असते. एखाद्या दिसणाऱ्या फोल्डरच्या आत लपवलेल्या फाइल्स असतील तर त्या फोल्डरबरोबर कॉपी होतात, पण तिकडेही लपलेल्याच राहतात. मग कॉपीला अर्धा तास लागतो आणि फोल्डर रिकामा दिसतो.

आता काम. आधी लॅपटॉप, मग पेन ड्राइव्ह. हा क्रम चुकला तर साफ केलेला ड्राइव्ह पुन्हा तसाच होतो, कारण ती स्क्रिप्ट पार्श्वभूमीला चालू राहून ड्राइव्ह लावला रे लावला की परत फोल्डर लपवते.

पेन ड्राइव्ह काढून ठेवा. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि ‘डिटेल्स’मध्ये डब्ल्यूस्क्रिप्ट नावाची प्रक्रिया आहे का ते पाहा. दुसरं काही चालू नसताना ती दिसणं संशयास्पद आहे. ‘एंड टास्क’ करा. मग ‘स्टार्टअप’ टॅबमध्ये ‘विंडोज बेस्ड स्क्रिप्ट होस्ट’ अशी किंवा अर्थहीन अक्षरांच्या नावाची नोंद असेल तर ती डिसेबल करा. त्यानंतर विंडोज सिक्युरिटीमध्ये ‘स्कॅन ऑप्शन्स’ उघडून ‘मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन स्कॅन’ निवडा. लॅपटॉप स्वतः बंद होऊन पुन्हा सुरू होईल आणि विंडोज पूर्ण उघडण्याआधी तपासणी होईल. चालू विंडोजमध्ये हट्टाने टिकून राहणारी स्क्रिप्ट यात सापडण्याची शक्यता जास्त.

मग पेन ड्राइव्ह लावा. शॉर्टकटना न शिवता धिस पीसीमध्ये ड्राइव्हला कोणतं अक्षर मिळालं ते बघा. समजा ‘ई’ आहे. स्टार्टमध्ये सीएमडी शोधून कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि ही आज्ञा द्या:

ॲट्रिब -एच -एस ई:\*.* /एस /डी

इथे देवनागरीत लिहिलं आहे, टाइप मात्र रोमन अक्षरांत करायचं. ॲट्रिब म्हणजे ए, टी, टी, आर, आय, बी, सलग. दोन शब्दांमध्ये मोकळी जागा सोडायची. ‘-एच’ आणि ‘-एस’ एकाच आज्ञेत द्यावे लागतात. नुसतं ‘-एच’ दिलं तर फाइलला सिस्टिम गुणधर्म असल्याचं कारण सांगून विंडोज ती तशीच सोडून देतं. ‘/एस’मुळे आतल्या सगळ्या फोल्डरांपर्यंत आज्ञा पोचते आणि ‘/डी’मुळे फाइल्सबरोबर फोल्डरांचेही गुणधर्म बदलतात. इथे ‘/डी’ राहिला तर ज्यासाठी हे चाललंय ते फोल्डरच लपलेले राहतील. मध्येच ‘सिस्टिम व्हॉल्यूम इन्फर्मेशन’साठी ‘ॲक्सेस डिनाइड’ आलं तर ते ठीक आहे, तो विंडोजचा स्वतःचा फोल्डर आहे.

यानंतर खरे फोल्डर दिसले पाहिजेत. काही प्रकारांत व्हायरस सगळं उचलून बिननावाच्या फोल्डरमध्ये टाकतो. त्याचं नाव म्हणजे नुसतं एक न दिसणारं रिकामं अक्षर असतं आणि चित्र ड्राइव्हसारखं. तसा फोल्डर दिसला तर एफ२ दाबून त्याला साधं नाव द्या आणि आत जा.

फोल्डर हाती आले की ड्राइव्हच्या मुळाशी, म्हणजे सगळ्या फोल्डरांच्या बाहेर असलेले पाच शॉर्टकट आणि व्हीबीएस, व्हीबीई, जेएस किंवा डब्ल्यूएसएफ एक्स्टेन्शनची कुठलीही फाइल पुसा. त्याआधी एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’मध्ये ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’ला टिक करा, नाहीतर ही एक्स्टेन्शन्स दिसणारच नाहीत. एखाद्या फाइलचं चित्र फोल्डरचं आणि शेवटी ईएक्सई असेल तर तोही व्हायरसच.

डोळ्यांनी पाहायचं असेल तर ‘व्ह्यू’मधल्या ‘हिडन आयटम्स’ला टिक करणं पुरेसं नाही. फोल्डर ऑप्शन्समध्ये ‘हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स’ची टिकही काढावी लागते. पहिली टिक करूनही काही दिसलं नाही म्हणून लोक ड्राइव्ह फॉरमॅट करून बसतात, आणि वाईट याचंच वाटतं, कारण तोवर काहीही गेलेलं नसतं.

दिवचल_ध्वनी

एक विचारतो. विंडोज स्वतःहून स्कॅन अँड फिक्स सुचवतंय, म्हणजे फाइल सिस्टिममध्ये काहीतरी गडबड आहे. आधी ‘चेकडिस्क ई: /एफ’ ही ड्राइव्ह दुरुस्त करणारी आज्ञा (रोमनमध्ये सी, एच, के, डी, एस, के) चालवून घेतली तर पुढचं सगळं सोपं नाही का होणार?

सासष्टी_टक्स

दिवचल बाब, चेकडिस्क चालवायचं, पण सगळं बाहेर काढून झाल्यावर. ते ड्राइव्हवर लिहितं. फॅट३२मध्ये फाइलचे तुकडे कुठे कुठे आहेत याची साखळी एका तक्त्यात असते. साखळी तुटलेली दिसली की चेकडिस्क ती तिथेच कापून टाकतं आणि ज्या तुकड्यांना नाव सापडत नाही ते ‘फाउंड.०००’ या फोल्डरमध्ये सीएचके एक्स्टेन्शनने ठेवून देतं. फाइल सिस्टिम सरळ झाली, तरी फाइल्सची नावं आणि फोल्डर गेलेले असू शकतात. आणि ती विचारणा अनेकदा फक्त एवढ्यासाठी येते की मागच्या वेळी ड्राइव्ह ‘इजेक्ट’ न करता उपटला गेला होता.

अंत्रुजकर बाब, लॅपटॉपला लागण झाल्याची धास्ती असेल तर विंडोजला बाजूला ठेवून काम करण्याचा मार्ग आहे. दुसऱ्या एका पेन ड्राइव्हवर उबंटूची (विंडोजऐवजी चालणारी एक लिनक्स प्रणाली) आयएसओ फाइल रूफस या प्रोग्रामने लिहा, त्यावरून लॅपटॉप सुरू करा आणि ‘ट्राय उबंटू’ निवडा, इन्स्टॉल करू नका. लिनक्सचा फाइल मॅनेजर फॅटचे हिडन आणि सिस्टिम गुणधर्म जुमानत नाही, त्यामुळे तुमचे पाचही फोल्डर कुठल्याही आज्ञेशिवाय समोर दिसतील. ते विंडोजचे शॉर्टकट आणि त्या स्क्रिप्ट तिथे चालत नाहीत. खरे फोल्डर तिसऱ्या ड्राइव्हवर किंवा बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवून घ्या.

त्यात तीन गोष्टी सांभाळा. बायॉसमध्ये जाऊन सिक्युअर बूट बंद करू नका. उबंटूला त्याची गरज नाही, आणि बंद केलं तर बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) असलेला लॅपटॉप पुढच्या वेळी रिकव्हरी की मागून अडवू शकतो. लॅपटॉपच्या आतल्या डिस्कवर कॉपी करायला जाऊ नका. विंडोजचं ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर ती डिस्क लिनक्समध्ये फक्त वाचण्यापुरती उघडते. आणि लिनक्समध्ये कॉपीची पट्टी पूर्ण भरली म्हणजे काम झालं असं नाही. बराचसा डेटा तेव्हा रॅममध्येच असतो आणि मागाहून सावकाश ड्राइव्हवर जातो. ‘इजेक्ट’ दाबा आणि आता काढायला हरकत नाही असा संदेश येईपर्यंत थांबा. घाईने उपटलेल्या ड्राइव्हवर फाइलचं नाव असतं आणि आकार ० बाइट.

ड्राइव्ह मध्येच सुटत असेल, म्हणजे लावल्यावर टुंग टुंग आवाज येत अक्षर येतं आणि जातं असं होत असेल, तर ॲट्रिबसुद्धा चालवू नका. आधी डीडीरेस्क्यू या लिनक्सवरच्या प्रोग्रामने अख्ख्या ड्राइव्हची प्रतिमा, म्हणजे एका फाइलमधली हुबेहूब प्रत काढा आणि काम त्या प्रतिमेवर करा. आपल्याकडे पावसाळ्यात खाऱ्या दमट हवेने जोडणीच्या पट्ट्यांवर हिरवट काळा थर धरतो. पट्ट्या ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने, लिंट न सोडणाऱ्या कापडाने पुसून पूर्ण वाळू द्या. सॅनिटायझर नको, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं.

अंत्रुजकर

सगळ्यांना देव बरें करूं. ऑफलाइन स्कॅनमध्ये एक स्क्रिप्ट सापडली आणि निघाली. ॲट्रिब चाललं, बिननावाचा फोल्डर निघाला आणि पाचही फोल्डर त्यात मिळाले. आता तीन अडचणी उरल्या आहेत.

एक, फोटो. पेन ड्राइव्हवरच्या ‘तालीम फोटो’मध्ये ‘पहिली तालीम’ आणि ‘रंगीत तालीम’ असे दोन फोल्डर आहेत, मिळून ६१४ फाइल्स. सगळे फोटो एका ठिकाणी हवेत म्हणून एक्सप्लोररच्या शोधपट्टीत *.जेपीजी टाकून जे आले ते सगळे निवडून लॅपटॉपवर एका फोल्डरमध्ये पेस्ट केले. तिथे ४०२च आहेत.

दोन, ‘अंक ३’मधली पडद्याच्या संगीताची डब्ल्यूएव्ही फाइल ० बाइटची आहे. पेन ड्राइव्हवरही तेवढीच दिसते.

तीन, रंगीत तालमीचा व्हिडिओ लॅपटॉपवर आहे, ५.२ जीबीचा. तो दिग्दर्शकांना देण्यासाठी याच पेन ड्राइव्हवर टाकायचा तर ‘फाइल इज टू लार्ज फॉर द डेस्टिनेशन फाइल सिस्टिम’ येतं. जागा तर २० जीबी मोकळी आहे.

बार्देस_संगणक

फोटोंपासून सुरू करतो, कारण दुसरी प्रत नसलेली वस्तू तीच आहे. पेन ड्राइव्हवर ६१४ शाबूत आहेत, म्हणजे गेलं काहीच नाही. पण त्या ड्राइव्हवरून आत्ता काही पुसू नका.

कॅमेरे फाइल्सना आयएमजी_०००१, आयएमजी_०००२ अशी क्रमाने नावं देतात. कॅननसारख्या कॅमेऱ्यांत फाइल क्रमांकाची ‘कंटिन्युअस’ आणि ‘ऑटो रीसेट’ अशी निवड असते. ऑटो रीसेट असेल तर प्रत्येक नव्या कार्डावर मोजणी ०००१पासून पुन्हा सुरू होते. तुमच्या दोन तालमी दोन कार्डांवर टिपल्या असणार. वेगवेगळ्या फोल्डरांत होते तोवर नावांची टक्कर नव्हती. शोधपट्टीतून निवडून पेस्ट केल्यावर दोन्ही फोल्डर सपाट होऊन एकात आले, विंडोजने विचारलं असणार आणि ‘रिप्लेस द फाइल्स इन द डेस्टिनेशन’वर क्लिक झालं असणार. ६१४ वजा ४०२ म्हणजे २१२. ‘रंगीत तालीम’वर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज पाहा. तिथे २१२ फाइल्स निघाल्या तर हेच घडलं असण्याची दाट शक्यता आहे.

लॅपटॉपवरचा तो सपाट फोल्डर पुसून टाका आणि ‘तालीम फोटो’ हा अख्खा फोल्डर जसाच्या तसा कॉपी करा. एकत्रच हवे असतील तर आधी एका फोल्डरमधले सगळे फोटो निवडून एफ२ दाबा, ‘रंगीत’ असं नाव टाकून एंटर करा. विंडोज त्यांना रंगीत (१), रंगीत (२) अशी नावं देईल. हे लॅपटॉपवरच्या प्रतीवर करा, पेन ड्राइव्हवर नाही.

कॉपी पूर्ण झाली का हे डोळ्यांनी ठरवू नका. दोन्हीकडे राइट क्लिक, प्रॉपर्टीज, आणि दोनच आकडे जुळवा: फाइल्स किती, आणि ‘साइज’च्या कंसातले बाइट्स. ‘साइज ऑन डिस्क’ जुळणार नाही आणि जुळायची गरजही नाही. ३२ जीबीच्या फॅट३२ ड्राइव्हवर जागेचा सर्वांत लहान तुकडा साधारण १६ किंवा ३२ केबीचा असतो आणि लॅपटॉपच्या एनटीएफएसवर (विंडोजच्या डिस्कची फाइल सिस्टिम) ४ केबीचा, म्हणून लहान फाइल्स जास्त असल्या की तो आकडा बराच वेगळा दिसतो.

अजून एक. ‘नाटक’ फोल्डर डेस्कटॉपवर ठेवू नका. वनड्राइव्हचा बॅकअप चालू असेल तर तुम्हाला दिसतो तो डेस्कटॉप खरं तर वनड्राइव्हच्या आतला असतो. फुकट खात्यात ५ जीबीच जागा मिळते, तुमचं साहित्य ९.४ जीबी आहे. शिवाय ज्या फाइलसमोर ढगाचं चित्र आहे ती लॅपटॉपवर नसून फक्त इंटरनेटवर असते. नाट्यगृहात नेट नसताना तिच्यावर क्लिक केलं की ती उघडत नाही, आणि पडदा तुमच्यासाठी थांबत नाही. ‘सी:\नाटक’ असा सरळ फोल्डर करा. मार्गही आखूड राहतो. विंडोजमध्ये ड्राइव्हच्या अक्षरापासून फाइलच्या नावापर्यंत मिळून २६० अक्षरांची जुनी मर्यादा एक्सप्लोरर अजून पाळतो. फोल्डरात फोल्डर आणि लांबलचक नावं असली की पेन ड्राइव्हवर नीट असलेली फाइल डेस्कटॉपच्या खोल मार्गावर जाताना ‘सोर्स पाथ टू लाँग’ म्हणून अडते. तिथे ‘स्किप’ दाबलं गेलं तर ती मागे राहते आणि बाकीची कॉपी काही न सांगता पूर्ण होते.

दर वेळी भरपूर फाइल्स हलवायच्या असतील तर रोबोकॉपी ही विंडोजमधलीच आज्ञा वापरा:

रोबोकॉपी ई:\ सी:\नाटक /ई /एफएफटी /आर:१ /डब्ल्यू:१

‘/ई’ने रिकाम्या फोल्डरांसकट सगळं येतं. ‘/एफएफटी’ लावण्याचं कारण असं की फॅट३२ वेळ २ सेकंदांच्या टप्प्यांत नोंदवतं, एनटीएफएस फार बारकाईने. तो पर्याय नसला तर न बदललेल्या फाइल्सही बदललेल्या वाटतात. ‘/आर’ आणि ‘/डब्ल्यू’ दिले नाहीत तर एका बिघडलेल्या फाइलसाठी रोबोकॉपी ३० सेकंदांच्या अंतराने १० लाख वेळा प्रयत्न करत बसतं. तीच आज्ञा शेवटी ‘/एल’ लावून पुन्हा दिली तर ती काही कॉपी न करता फक्त काय राहिलंय ते सांगते.

पण यात एक खड्डा आहे, आणि तो नेमका तुमच्याच विषयातला. ड्राइव्हच्या मुळापासून कॉपी केलं की मुळाचे हिडन आणि सिस्टिम गुणधर्म रोबोकॉपी ‘सी:\नाटक’ला चिकटवतं. सगळं कॉपी होतं आणि मग अख्खा ‘नाटक’ फोल्डरच सी ड्राइव्हवर दिसत नाही. व्हायरस परत आला असं समजू नका. ‘ॲट्रिब -एच -एस सी:\नाटक’ एवढं दिलं की तो समोर येतो.

सासष्टी_टक्स

० बाइटच्या फाइलबद्दल. नाव लिहिलं गेलं, आकार आणि साखळी नोंदवायच्या आधी ड्राइव्ह निघाला. मूळ फाइल ज्या संगणकावर तयार झाली तिथून पुन्हा मागवणं हा सरळ मार्ग. ती मिळत नसेल तर आता, सगळं बाहेर काढून झाल्यावर, दिवचल बाब म्हणत होते ते चेकडिस्क चालवा. संगीताचे तुकडे ड्राइव्हवर लिहिले गेले असतील तर ‘फाउंड.०००’ फोल्डर तयार होईल. तोही हिडन आणि सिस्टिमच असतो, तेव्हा तो निघाला नाही असं मानण्याआधी त्याच्यावर ॲट्रिब चालवून पाहा. आत फाइल००००.सीएचके अशा फाइल्स असतील. सीडीच्या दर्जाची स्टिरिओ डब्ल्यूएव्ही मिनिटाला सुमारे १० एमबी घेते; पडद्याचं संगीत तीन मिनिटांचं असेल तर ३० एमबीच्या आसपासची सीएचके शोधा, एक्स्टेन्शन डब्ल्यूएव्ही करा आणि व्हीएलसीमध्ये वाजवून बघा. सुरुवात ठीक आणि शेवट तुटलेला असं होऊ शकतं.

यातूनही काही आलं नाही तर फोटोरेक हा हरवलेल्या फाइल्स शोधणारा प्रोग्राम. नावात फोटो असला तरी ते डब्ल्यूएव्हीसुद्धा ओळखतं. त्यातून निघालेल्या फाइल्स त्याच पेन ड्राइव्हवर साठवायच्या नाहीत, नाहीतर जे शोधताय त्याच्यावरच लिहिलं जाईल.

माझ्यासारखे जे लिनक्सवर उतरवून घेतात त्यांच्यासाठी: ईएक्सटी४वर (लिनक्सची फाइल सिस्टिम) फाइलच्या नावाला २५५ बाइट्सची मर्यादा आहे आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट्स घेतं, काना, मात्रा, वेलांटी सगळी वेगळी धरून. म्हणजे ८५ चिन्हं. विंडोजवर चालणारं ‘अंक दुसरा प्रवेश तिसरा पावसाचा आवाज आणि मागून येणारी घुमटाची साथ...’ असं लांबत गेलेलं नाव लिनक्सवर ‘फाइल नेम टू लाँग’ म्हणून नाकारलं जातं. उलट दिशेने, लिनक्सवर मोठ्या आणि लहान रोमन अक्षरांची नावं वेगळी धरली जातात, विंडोजवर एकच. तशा दोन फाइल्सपैकी विंडोजवर एकच पोचते.

पेडणे_डीटीपी

संहितेविषयी एक भर घालते. फोल्डर मिळाला, फाइल उघडली आणि मराठीऐवजी रोमन अक्षरं आणि चिन्हांचा खच दिसला तर फाइल बिघडली असं समजू नका. संहिता श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असते आणि तो फॉन्ट लॅपटॉपवर नसतो. ज्या संगणकावर टाइप झाली तिथूनच पीडीएफ करून घ्या, पीडीएफमध्ये फॉन्ट आत बसतो. आणि यापुढे प्रती काढायला दुकानात जाल तेव्हा फक्त ती पीडीएफ असलेला वेगळा, छोटा ड्राइव्ह न्या. संगीत आणि फोटो असलेला ड्राइव्ह बाहेरच्या संगणकाला लावूच नका. पीडीएफ ईमेलने पाठवली तर ड्राइव्हचीही गरज नाही.

दिवचल_ध्वनी

चेकडिस्कचं पटलं. आता ५.२ जीबीच्या व्हिडिओचं सांगतो, त्याचा ध्वनीच्या ड्राइव्हशी थेट संबंध आहे.

फॅट३२मध्ये एक फाइल ४ जीबीपेक्षा एक बाइट कमी एवढीच मोठी असू शकते, जागा कितीही मोकळी असो. उपाय म्हणून सगळे एक्सफॅटमध्ये, म्हणजे मोठ्या फाइल्स चालणाऱ्या नव्या फाइल सिस्टिममध्ये फॉरमॅट करायला सांगतात. व्हिडिओसाठी ते बरोबर आहे, पण पार्श्वसंगीताचा हा ड्राइव्ह एक्सफॅट करू नका. बरेच मिक्सर, यूएसबी प्लेयर आणि जुने टीव्ही फक्त फॅट३२ वाचतात. एक्सफॅटचा ड्राइव्ह लावला तर ते ‘नो डिव्हाइस’ दाखवतात, आणि हे कळतं ते नाट्यगृहात पोचल्यावर. व्हिडिओला दुसरा ड्राइव्ह घ्या, तो एक्सफॅट करा. दुसरा ड्राइव्ह नसेल तर सेव्हन-झिप या फाइल्स बांधणाऱ्या प्रोग्राममध्ये ‘स्प्लिट टू व्हॉल्यूम्स’ला ४००० एम लिहून दोन तुकडे करा, दिग्दर्शकांकडे सेव्हन-झिप असेल तर पहिल्या तुकड्यावरून पूर्ण फाइल जोडून निघते.

नवा ड्राइव्ह घेताना कवडीमोलाने मिळणारा १ टीबी किंवा २ टीबीचा घेऊ नका. त्यांत बऱ्याचदा आतली चिप १६ किंवा ३२ जीबीची असते आणि खोटा आकडा सांगायला शिकवलेली असते. खरी जागा भरेपर्यंत सगळं नीट चालतं. त्यापुढे फाइल्सची नावं आणि आकार दिसतात, पण आत काहीच नसतं किंवा आधीच्या फाइल्सवरच लिहिलं जातं. रिकामा असतानाच विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू किंवा लिनक्सवर एफ३ चालवा. दोन्ही अख्खा ड्राइव्ह भरून परत वाचून बघतात, म्हणून वेळ लागतो, पण खरी जागा किती ते कळतं.

फॅट३२च्या संगीत ड्राइव्हवर फाइल्स परत टाकताना आधी ड्राइव्ह फॉरमॅट करा, आता तुमच्याकडे ताडून पाहिलेली प्रत आहे. मग फाइल्स वाजवायच्या क्रमाने एकेक करून कॉपी करा. अनेक प्लेयर नावांच्या क्रमाने वाजवत नाहीत, ड्राइव्हवर ज्या क्रमाने लिहिल्या गेल्या त्या क्रमाने वाजवतात. तरीही नावाची सुरुवात इंग्रजी आकड्यांनी करा, ०१, ०२ अशी. छोट्या पडद्याच्या यंत्रांवर देवनागरीच्या जागी चौकोन किंवा प्रश्नचिन्हं येतात आणि तेव्हा तो आकडाच कामाला येतो. कुणी मॅकवरून काही कॉपी केलं असेल तर टिंब आणि अधोरेषेने सुरू होणाऱ्या ४ केबीच्या जोडफाइल्स येतात. विंडोजवर बहुधा लपलेल्या असतात, प्लेयर मात्र त्या गाणं समजून उघडायला जातो आणि अडतो. ‘डिर ई:\ /ए /एस’ दिलं की लपलेलं सगळं यादीत येतं. त्या जोडफाइल्स पुसा, ड्राइव्ह ‘इजेक्ट’ करून काढा आणि प्रयोगाच्या मिक्सरला लावून तिन्ही अंकांची पहिली आणि शेवटची फाइल वाजवून घ्या.